बर्फातली गाडी ओढणारी कुत्री अन् आपल्या वावरातली कुत्री : साखळी बरी की जाळी?

काळीमाती

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात वावर आहे आमचं, कापूस अन् तूर. विहिरीजवळ दोन गावरान कुत्री आहेत, दिवसा निंबाला बांधलेली असतात अन् रात्री जागलीला सोडतो, रोही आणि डुकरांचा लय त्रास आहे म्हणून. आता झालं असं की नागपूरच्या चुलतभावाकडे एक सायबेरियन हस्की आहे, तीन वर्षांचा, फ्लॅटमध्ये राहतो, दिवसभर एसी. त्याची बदली होऊन राहिली अन् तो म्हणतो तू घेऊन जा, तुझं वावर मोठं आहे, पळेल बिचारा.

मी हो-नाही काही बोललो नाही अजून. पण त्या निमित्तानं ही बर्फातली गाडी ओढणारी कुत्री थंड मुलखात कशी राहतात ते वाचत बसलो, तर अलास्कात म्हणे शंभर शंभर कुत्री असतात एकेकाकडे अन् प्रत्येक कुत्रं आपापल्या लाकडी खोपटाजवळ साखळीनं बांधलेलं. मला वाटलं होतं मोकळी हिंडत असतील. काही लोक म्हणतात हे क्रूर आहे, काही म्हणतात पिंजऱ्यापेक्षा साखळी बरी.

तर प्रश्न दोन आहेत. एक, त्या कुत्र्यांचं खरंच कसं चालतं, कोणाला माहीत असेल तर सांगा. दोन, मला यंदा माझ्या कुत्र्यांसाठी नीट जागा करायची आहे. साळा म्हणतो दहा बाय दहाचा जाळीचा पिंजरा कर, बाबा म्हणतात साखळी होती तेच बरं. काय करू?

वऱ्हाडी_ठेचा

दारव्ह्यात हस्की?? भाऊ मे महिन्यात आपल्याले सावलीत बसून घाम फुटते, त्याले काय होईन? आणशीन तं आधी त्याच्यासाठी कुलर घे, अन् मंग लाईन गेली की दोघं मिळून विहिरीत बसा 😄

गोठ्यातला_डॉक्टर

ठेचा भाऊंचं गमतीत आहे पण मुद्दा पक्का आहे. मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालो, वर्धा-यवतमाळ पट्ट्यातच सगळी सेवा गेली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार पंजांना येतो तेवढाच, बाकी सगळं धापा टाकून. हस्कीच्या अंगावर दोन थर असतात केसांचे, आतला लोकरीसारखा दाट अन् वरचा राठ. शून्याखाली वीस-पंचवीस डिग्रीत बर्फावर झोपायला बनलेलं जनावर आहे ते. आपल्याकडे चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ४५-४६ च्या वर जातात, नागपूरला २०१३ च्या मे मध्ये ४७.९ नोंदलं होतं. एवढ्या तापमानात धापा टाकूनही अंग पुरेसं थंड होत नाही कारण बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असते. मग जीभ जांभळट लाल पडते, लाळ दाट होते, तोल जातो, अन् तासाभरात खेळ आटोपतो. दवाखान्यात आणेपर्यंत बहुतेक उशीर झालेला असतो.

आणि कोणी सांगेल की केस कापून टाका, तर ते करू नका. वरचा थर उन्हापासूनही आडोसा करतो, तासून काढला की कातडी भाजते.

आता घराचं. लोक कुत्र्याला घर करतात म्हणजे काय करतात, चार पत्रे उभे अन् एक पत्रा वर. मार्चनंतर दुपारी त्यात हात घालून पाहा. बाहेर निंबाखाली साखळीला बांधलेलं कुत्रं त्या पत्र्याच्या घरातल्या मोकळ्या कुत्र्यापेक्षा सुखी असतं. म्हणून साखळी की जाळी हे नंतर, आधी सावली अन् वारा.

उत्तरेकडची_लेक

मी मूळची आर्वीची, सध्या नॉर्वेत ट्रॉम्सोला शिकते आहे. इथे गावाबाहेर स्लेड (बर्फातली गाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांचे केनेल आहेत, त्यातल्या एकात सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते, त्यामुळे थोडं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

काळीमाती दादा, तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. रांगेत लाकडी पेट्या असतात, जमिनीपासून चार बोटं उचललेल्या म्हणजे ओल येत नाही, दाराची जागा छोटी म्हणजे अंगाची ऊब आत राहते, आत गवताचा पेंढा. छप्पर सपाट असतं कारण कुत्र्यांना वर चढून बसायला फार आवडतं, अर्धी कुत्री दिवसभर छपरावरच असतात आणि आलेल्या-गेलेल्यांवर नजर ठेवतात. साखळी खुंटीला सरळ बांधलेली नसते, खांबाला फिरती कडी असते, कुत्रं गोल गोल फिरलं तरी ती गुंडाळत नाही. शेजारच्या कुत्र्याच्या नाकाला नाक लागेल पण साखळ्या एकमेकीत अडकणार नाहीत एवढं अंतर मोजून ठेवतात. पिल्लं मोकळी असतात. म्हातारी कुत्री आणि एकमेकांशी पटणाऱ्या जोड्या जाळीच्या वाड्यात.

सकाळी गेलं की पहिलं काम फावडं आणि बादली घेऊन प्रत्येकाच्या वर्तुळातली शी उचलायची. मग पाणी. थंडीत नुसतं पाणी ती पुरेसं पीत नाहीत म्हणून कोमट पाण्यात मांसाचे तुकडे टाकून पातळ रस्सा देतात, तो मात्र एका दमात संपतो. गाडीला जुंपायचे पट्टे बाहेर काढले की जो कल्ला होतो ना, शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही, सगळी जागच्या जागी उड्या मारतात, मला ने मला ने. आणि जी मागे राहतात ती गाडी नजरेआड झाल्यावर एकदम गप्प होतात. ते मला बघवत नाही, खरं सांगते.

माझं मत असं झालंय की हिवाळ्यात ती साखळी त्यांना फारशी खुपत नाही कारण रोज पळून दमून येतात आणि झोपतात. खरा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. बर्फ नाही, गाडी नाही, ऊन त्यांना सोसत नाही, सप्टेंबरपर्यंत बरीचशी नुसती बसून. जिथे मालक उन्हाळ्यातही मोकळ्या आवारात सोडतो, डोंगरावर फिरायला नेतो, तिथली कुत्री वेगळी दिसतात. जिथे नाही, तिथे एकाच रेषेत येरझाऱ्या घालून जमिनीत चर पडलेला दिसतो.

वऱ्हाडी_ठेचा

लेकी लय भारी लिहिलं. छपरावर बसणारी कुत्री, आमचा मोत्या बंडीवर बसते तसाच.

रोखठोक

माफ करा पण साखळी ती साखळी. त्याला फिरती कडी लावा नाहीतर चांदीची लावा. ज्याच्या रक्तात पळणं आहे त्याला दोन मीटरच्या वर्तुळात ठेवायचं आणि वर म्हणायचं त्याला चालतं.

आपल्याकडे तर कायदाच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, कलम ११. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ जनावर बांधून ठेवणं ही क्रूरता धरलेली आहे, आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने व्यायाम दिला नाही तर तीही. हे फार लोकांना माहीतच नाही. दंड पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये, कित्येक दशकं तोच, म्हणून कोणी घाबरत नाही ही गोष्ट वेगळी.

काळीमाती, तुमची कुत्री दिवसभर निंबाला असतात म्हणजे किती तास?

काळीमाती

सकाळी सहाला बांधतो, सांजच्याला सातला सोडतो. मोकळी ठेवली की शेजारच्या वावरात शेळ्यांच्या मागे लागतात, एकदा भांडण झालं आहे त्यावरून. हौस म्हणून बांधत नाही.

अकोल्याचा_ढोरवैद्य

पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे. साखळी विरुद्ध पिंजरा यावर नेमका अभ्यास झालेला आहे, आणि तोही स्लेड कुत्र्यांवरच. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी २००१ मध्ये छापला. ३० मोठी अलास्कन स्लेड कुत्री घेतली, ती काही काळ साडेतीन मीटरच्या साखळीवर आणि काही काळ जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून त्यांचं वागणं नोंदलं. त्यांना दोन्हींत कल्याणाच्या दृष्टीने मोठा फरक सापडला नाही, दोन्हीकडे कुत्री बहुतेक वेळ निपचित पडून होती. तिथे परवानाधारक डीलरांना कुत्री साखळीवर ठेवायला १९९७ पासून मनाई झाली होती, त्या वादात हा अभ्यास मोलाचा ठरला.

आता गणित बघा. साडेतीन मीटरची साखळी म्हणजे साधारण ३८ चौरस मीटरचं वर्तुळ, चारशे चौरस फुटांच्या वर. काळीमाती भाऊंचे साळे जो दहा बाय दहाचा पिंजरा म्हणतात तो शंभर चौरस फूट. म्हणजे लांब, न गुंतणारी साखळी जागेच्या हिशेबात चौपट झाली. पिंजरा केला की कुत्र्याला सोडवलं असं आपल्याला वाटतं, पण त्याला काय वाटतं ते जागेच्या मापावर, सोबतीवर आणि दिवसातून किती वेळा बाहेर काढलं त्यावर आहे.

रोखठोक

फरक सापडला नाही याचा अर्थ दोन्ही चांगलं असा होत नाही. दोन्ही सारखंच वाईट असाही होऊ शकतो. निपचित पडून राहणं म्हणजे समाधान की कंटाळा?

अकोल्याचा_ढोरवैद्य

एकदम मान्य. त्यांनी हालचाल आणि त्याच त्या कृती परत परत करणं याच मुख्य खुणा धरल्या होत्या. आणि ती कुत्री आधीपासून साखळीच्या सवयीची होती. म्हणून मी त्यातून एवढंच घेतो की नुसती वस्तू बदलून कुत्र्याचं आयुष्य बदलत नाही.

बफरमधला

साखळीचा एक धोका कोणी लिहिलाच नाही. आम्ही ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे वाघाच्या जंगलाला लागून राहतो. इकडे बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. आमची काळी अंगणातच होती, दाराजवळच्या खांबाला. रात्री एकदाच ओरडली. सकाळी पट्टा तसाच साखळीला लटकत होता, बक्कल लागलेलं, अन् त्यात केस. मोकळी असती तर निदान घरात शिरली असती, ओट्याखाली घुसली असती. त्यानंतर आमच्याकडे रात्री एकही कुत्रं बांधत नाही. चारी बाजूंनी अन् वरूनही जाळी असलेला कोठा केला आहे, दार आतल्या पडवीत उघडते. दिवसा मोकळी.

भाऊ तुमच्याकडे बिबट असो नसो, रात्री साखळी नको. वरून उघडा पिंजरा पण नको, बिबट्या आठ फूट जाळी सहज चढतो.

चुलीवरची

वाईट वाटलं काळीचं वाचून.

पटाचा_शौकीन

आमच्या घरी पटाची म्हणजे शर्यतीची जोडी आहे. स्लेड कुत्र्यांचं वाचून मले आमचे बैलच आठवले. पळणारं जनावर बांधूनच राहते, पण कसं बांधता त्याच्यावर आहे ना राजेहो. आमच्या गोऱ्ह्यायले कोठ्यात मुरूम कुटून वर राख टाकतो, दावण लांब ठेवतो, पहाटे चालवून आणतो, दुपारी पाणी, सांजच्याला अंग चोळून देतो. २०१४ ले शर्यतीवर बंदी आली तवा कित्येकायनं जोड्या इकल्या, गिऱ्हाईक कोणतं ते सांगाले नको. आम्ही ठेवली. काम नसलेलं जनावर चालवणं, खाऊ घालणं लय जड जाते, तेव्हाच मालक समजते. मंग २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं मोकळीक देल्ली, अन् २०२३ च्या मे मध्ये ते पक्की केली.

रोखठोक

पटावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू 🙂 पण तुमचं "काम नसताना मालक समजतो" हे मात्र सोळा आणे. कॅनडात व्हँकुव्हर-व्हिस्लरला २०१० चं हिवाळी ऑलिम्पिक झालं, पर्यटकांसाठी स्लेड कुत्री वाढवली होती, गर्दी ओसरल्यावर व्हिस्लरला शंभराच्या आसपास कुत्री मारून टाकल्याचं पुढच्या वर्षी उघडकीला आलं. मग ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१२ मध्ये स्लेड कुत्र्यांसाठी खास नियम केले. त्यात साखळीवरच्या कुत्र्याला २४ तासांत निदान एकदा सोडायचं, फिरवायचं, इतरांत मिसळू द्यायचं असं घातलं.

उत्तरेकडची_लेक

हो, आणि तो एक नियम मला सगळ्यात कामाचा वाटतो. तो पाळायचा तर माणसं लागतात. एका माणसामागे किती कुत्री आहेत हे पाहिलं की त्या केनेलचं निम्मं कळतं. पेट्या सुंदर रंगवलेल्या असतात, पण पंजात कुठे चीर पडली आहे हे बघायला कोणाला वेळ नसेल तर काय उपयोग.

ग्रीनलंडला एक मैत्रीण जाऊन आली. तिथे आर्क्टिक सर्कलच्या वर त्यांच्या स्लेड कुत्र्याशिवाय दुसरी जात आणायलाच बंदी आहे, जात शुद्ध राहावी म्हणून. गावाबाहेर खडकांवर बांधलेली असतात. तिथे ती कुत्री शिकारीची, मासेमारीची साधनं आहेत, लोक त्यांना घरातलं लाडकं मानत नाहीत पण कुत्रं आजारी पडलं की माणसाचं काम अडतं, त्यामुळे लक्षही असतं. आपल्याकडे बैलाचं तसंच ना.

बारावी_सायन्स

ती बाल्टोची गोष्ट यांचीच ना? औषध घेऊन पळाला तो?

अकोल्याचा_ढोरवैद्य

हो. १९२५, अलास्कातलं नोम गाव, लहान पोरांत घटसर्पाची साथ. सगळ्यात जवळच्या रेल्वे स्थानकापासून सुमारे १०८५ किमी, २० चालक अन् दीडशेच्या आसपास कुत्री, टप्प्याटप्प्याने साडेपाच दिवसांत घटसर्पावरचं औषध (सीरम) पोहोचवलं. बाल्टो शेवटच्या टप्प्यात होता म्हणून नाव त्याचं झालं, सगळ्यात लांब अन् धोक्याचा टप्पा टोगो नावाच्या कुत्र्याने ओढला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. एवढ्या वयात पळू शकला म्हणजे त्याला ठेवलं कसं असेल ते बघ.

बारावी_सायन्स

बारा वर्षांचा 😮 आमचा शेरू आठव्या वर्षीच जिन्यावर चढत नाही.

चुलीवरची

सगळ्यांचं वाचलं, छान चर्चा. पण एक विचारते, तो वाडा रोज झाडणार कोण? आमच्याकडे पुरुषमंडळी कुत्रं आणतात, नाव ठेवतात, अन् शेण-शी काढायला आम्ही. आमच्या ह्यांनी सिमेंटचा कोबा करून कुत्र्याचं घर बांधलं. दोन महिने मूत मुरून असा वास की जवळून जाता येईना, अन् दुपारी कोबा तव्यासारखा तापलेला. कुत्री आत जाईच ना, मोरीच्या सांडपाण्यात खड्डा करून तिथेच बसायची.

शेवटी मीच जुनी बाज आणून ठेवली निंबाखाली, सुतळीची. खालून वारा लागते, जमिनीची धग लागत नाही. पहिल्या दिवसापासून त्या बाजेवरून हलत नाही. अन् पेंढा, तणस वगैरे आपल्याकडे उन्हाळ्यात टाकूच नका, गोचिडांचं माहेरघर होते. थंडीत जुनं पोतं पुरते, आठ दिवसांनी उन्हात टाकायचं.

गोठ्यातला_डॉक्टर

चुलीवरची ताईंनी जे लिहिलं ते मी चाळीस वेळा लोकांना सांगितलं असेल, एवढं सोपं करून नाही सांगता आलं. बाज उत्तम. गोचिडाचं तर फारच महत्त्वाचं. गोचीडतापाने आपल्याकडे किती कुत्री जातात, आधी खाणं सोडते, मग हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येते, लोक म्हणतात नजर लागली. बांधलेल्या कुत्र्याला गोचीड जास्त, कारण ते एकाच जागी बसते अन् गोचीड भेगांमधून परत परत त्याच्यावरच चढतात. मोकळी कुत्री जागा बदलतात.

जुनी_जागल

आमच्या लहानपणी कुत्रं बांधाची रीतच नव्हती बावा. धनगराचे कळप येत, त्यायची कुत्री मोकळी, रात्रभर मेंढरायभोवती फिरत. उन्हायात नाल्यातल्या ओल्या रेतीत पडून राहत. आता नाल्यात रेतीच नाई राह्यली.

काळीमाती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. बाबांनाही वाचून दाखवलं.

हस्कीचं आधी सांगतो. चुलतभावाला स्पष्ट नाही म्हटलं. डॉक्टर साहेबांचा प्रतिसाद त्याला पाठवला. वावर मोठं असून काय कामाचं, आठ महिने त्याला दुपारी सावलीतून उठता येणार नाही, अन् रात्री सोडला तर डुकराच्या मागे जाईल, त्याला वाटा माहीत नाहीत. भाऊ आधी नाराज झाला. आता तो बंगलोरला सोबत नेतो म्हणतो, बदली तिकडेच आहे, हवा बरी आहे नागपूरपेक्षा. नाहीच जमलं तर नागपुरातच घरात ठेवणारं माणूस शोधू, मी मदत करतो म्हटलं.

आमच्या दोघांसाठी असं ठरवलं. पंधरा बाय वीसचा वाडा, निंब मधोमध येईल असा, म्हणजे पूर्ण दिवस सावली. वर पण जाळी, बफरमधल्या दादांमुळे, अन् तिच्यावर तुराट्या अन् पऱ्हाटीचा मांडव. पत्रा नाही. दोघं एकत्रच राहतील, त्यांचं पटते. दोन बाजा. सकाळी वाड्यात घालण्याआधी मी विहिरीपासून नाल्यापर्यंत फिरवून आणत जाईन, दुपारून पोरगा शाळेतून आला की तो अर्धा तास धुऱ्यावर नेईल. झाडायचं काम माझं, हे बायकोसमोर कबूल करून घेतलं आहे, चुलीवरची ताई.

रात्रीचं अजून कळत नाही. आमच्याकडे बिबट दिसला नाही, पण जागलीला मोकळी हवीच.

बफरमधला

दिसला नाही तोपर्यंत सोडा, पण पंजाचे ठसे बघत जा नाल्याकाठी. रात्री वाड्याचं दार अडकवून न ठेवता उघडं राहू द्या म्हणजे त्यांना परत शिरायला जागा असते.

गोठ्यातला_डॉक्टर

खाली कोबा नको, मुरूम दाबून घ्या, उतार नाल्याकडे. पाण्याला मातीचं पसरट भांडं जमिनीत अर्धं पुरा, पाणी थंड राहते अन् सांडत नाही, दोन ठेवा. रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध ठरलेलं. दोन्ही नर आहेत का? एक मादी असेल तर वाडा पूर्ण व्हायच्या आधी ऑपरेशन करून घ्या.

उत्तरेकडची_लेक

दादा, जेवण मात्र वेगवेगळ्या कोपऱ्यात द्या, एकत्र राहणाऱ्या कुत्र्यांची भांडणं ताटावरूनच होतात. आणि एखादा लाकडी ओटा कमरेएवढ्या उंचीचा करा, वर चढून बसायला. बघाच तुम्ही.

रोखठोक

साखळी जाणार ना मग निंबाची?

काळीमाती

एक ठेवतो, लांबवाली, डॉक्टर आले की लागेल. रोजची नाही. एक नर, एक मादी आहे डॉक्टर साहेब, मादीचं पोळ्याच्या आधी करून घेतो.

पटाचा_शौकीन

जाळी कोणती घेता? आमच्याइकडे कोंबड्यायची पातळ जाळी लावली होती एकानं, कुत्र्यानं चार दिवसात दातानं फाडली.

काळीमाती

दोन इंची चेनलिंक, दहा गेज सांगितली दुकानदारानं.

पटाचा_शौकीन

बरोबर हाय. खाली एक फूट गाडजो मातीत, नाई तं उकरून बाहेर निंगतीन दोघंबी.